पिल्लांचा आनंद आणि पिंजऱ्यांचा हिशेब

ऑगस्ट २०२५मध्ये नांदणीहून कोल्हापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत हजारो लोक पायी चालत गेले. मागणी एकच होती. नांदणी मठाची महादेवी हत्तीण जामनगरच्या वनतारातून परत आणावी. न्यायालयाचा निर्णय आणि लोकांची भावना यांतील तो संघर्ष येथे पुन्हा उकरण्याचे कारण नाही. पण त्या निमित्ताने एका प्रश्नाने प्रथमच घराघरांत प्रवेश केला. माणसाच्या ताब्यातील वन्य प्राणी कोठे राहावा, तो कोणी सांभाळावा आणि त्याला हलवायचे तर कोणाच्या हिताचा विचार करून हलवायचे? महादेवीला नाव होते, गाव होते, तिच्यासाठी रडणारी माणसे होती. देशभरच्या प्राणिसंग्रहालयांतील वाघ-सिंहांच्या वाट्याला असे भाग्य येत नाही. त्यांची पिल्ले जन्मली की वर्तमानपत्रांत छायाचित्रे झळकतात. ती पिल्ले चार वर्षांनी कोठे असतात, हे मात्र कोणी विचारत नाही.

दक्षिण महाराष्ट्राने तरी हा प्रश्न परका मानू नये. हिंदी सर्कशीचे जनक विष्णुपंत छत्रे हे आजच्या सांगली जिल्ह्यातील अंकलखोपचे. १८८०मध्ये त्यांनी पहिली देशी सर्कस उभी केली आणि हे काम गोऱ्या साहेबालाच जमते, हा समज मोडून काढला. म्हैसाळच्या देवलांनी ती परंपरा पुढे चालवली. पुण्याच्या दामू धोत्र्यांनी तर अमेरिकेतील रिंगलिंग सर्कशीत वाघ-सिंहांचे खेळ करून नाव मिळवले. त्या कर्तृत्वाचा अभिमान वाटणे स्वाभाविकच आहे. कोल्हापूर संस्थानाचा षोक निराळा होता. तेथे आफ्रिकेतून चित्ते मागवून शिकारीसाठी तयार केले जात.

या दोन परंपरांत एक भेद आहे. चित्ता पिंजऱ्यात सहजासहजी वीत नाही. जहांगीरच्या काळातील एका वेताची नोंद सोडली, तर बंदिवासात चित्त्याची पिल्ले जन्मल्याचे उदाहरण १९५६पर्यंत जगाला ठाऊक नव्हते. म्हणून संस्थानांना चित्ते पुनःपुन्हा बाहेरून आणावे लागत. वाघ-सिंहांचे तसे नाही. साडेतीन महिन्यांचा गर्भकाळ, एका वेताला दोन ते चार पिल्ले, आणि पिल्ले लवकर वेगळी केली तर मादी लगेच पुन्हा माजावर येते. नर-मादी एका आवारात ठेवले की निसर्ग आपले काम करतो. त्यासाठी प्राणिसंग्रहालयाच्या व्यवस्थापनाची पाठ थोपटण्याचे काहीच कारण नाही.

खरी परीक्षा पुढे असते. पूर्ण वाढीच्या वाघाला दिवसाला आठ-दहा किलो मांस लागते (आठवड्यातून एक दिवस त्याला उपास घडवतात, तेवढीच काय ती बचत). जंगलातला वाघ दहा-बारा वर्षे जगतो, पिंजऱ्यातला अठरा-वीसपर्यंत जातो. वयात आलेले दोन नर एकत्र ठेवता येत नाहीत. बहीण-भाऊ एकत्र ठेवले तर पुढची पिढी दुबळी निपजते. म्हणजे आज हौसेने होऊ दिलेले एक वेत ही पुढच्या वीस वर्षांची बांधिलकी असते. दरवर्षी अंदाजपत्रकाची ओढाताण करणाऱ्या महापालिकांनी हा हिशेब आधीच मांडायला हवा.

रक्ताचा हिशेब याहूनही नाजूक आहे. सर्कशींतून आलेले आफ्रिकी सिंह आणि गीरचे सिंह एकत्र आल्याने देशातील अनेक संग्रहालयांत संकर झाला. चंडीगडजवळच्या छतबीरमध्ये अशा संकरित सिंहांची संख्या वाढत गेली, त्यांची प्रतिकारशक्ती खालावली, आणि अखेर नरांची नसबंदी करून ती परंपराच थांबवण्याचा निर्णय घ्यावा लागला. पाश्चात्त्य देश यात शहाणे होते, असे मानण्याचेही कारण नाही. अमेरिकेतील संग्रहालयांनी ‘आशियाई’ सिंहांचा मोठा प्रजनन कार्यक्रम चालवला. १९८७मध्ये रक्ततपासणी झाली, तेव्हा मूळच्या पाच सिंहांपैकी दोघे आफ्रिकी वंशाचे निघाले. वर्षांची मेहनत वाया गेली. युरोपला पुढे जुनागढच्या सक्करबागेतून शुद्ध वंशाचे सिंह नेऊन नव्याने सुरुवात करावी लागली.

पांढऱ्या वाघाची कथा तर सर्वपरिचित आहे. १९५१मध्ये रेवा संस्थानात मोहन नावाचा पांढरा बछडा पकडला गेला. त्याची आणि त्याच्याच मुलीची, राधाची, जोडी लावून १९५८मध्ये पांढरी पिल्ले मिळवण्यात आली. जगभरचे बहुतेक पांढरे वाघ त्या एका घराण्यातले आहेत. तिरळे डोळे, वाकलेले कणे आणि अकाली मृत्यू हे त्या गोऱ्या रंगाचे मोल आहे. पांढरा वाघ ही वेगळी जात नाही आणि जंगलाला त्याचा उपयोग नाही. तरीही तिकीटखिडकीवर त्याचीच मागणी अधिक असते, आणि त्या मागणीपुढे नियोजनकर्ते मान तुकवतात.

अतिरिक्त प्राण्यांचे काय करावे, यावर युरोपात एक रोखठोक उत्तर दिले जाते. मार्च २०१४मध्ये कोपनहेगनच्या संग्रहालयाने नव्या नरासाठी जागा करण्याकरिता चार सिंह मारून टाकले. त्यांत दोन पिल्ले होती. भारतीय मनाला हे मानवत नाही, आणि मानवू नये. भाकड गाईसाठी पांजरपोळ उभारणारा हा समाज आहे. परंतु जो समाज जन्मलेल्या जिवाला मारणार नाही म्हणतो, त्याच्यावर नको तो जन्म आधीच टाळण्याची जबाबदारी दुप्पट येते. नर-मादी वेगळे ठेवणे, गर्भनिरोधन, नसबंदी यांविषयी उगीच संकोच बाळगला जातो. नसबंदीतही तारतम्य लागतेच. सिंहाचे वृषण काढले तर आयाळ गळते, केवळ नलिका बांधली तर ती टिकते. मादीला दिल्या जाणाऱ्या काही जुन्या संप्रेरकांनी गाठी होतात, हेही अनुभवास आले आहे. तेव्हा हे काम जाणत्या पशुवैद्याचे आहे, ठराव करून मोकळे होण्याचे नाही.

हे आपल्याकडे शक्य आहे, याचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. १९९८च्या अधिसूचनेने सर्कशीतील वाघ, सिंह, बिबटे, अस्वले आणि माकडे यांच्या खेळांवर बंदी घातली आणि १ मे २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. शेकडो वाघ-सिंह एकाएकी बेघर झाले. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने बन्नेरघट्टा, तिरुपती, विशाखापट्टणम, जयपूर अशा ठिकाणी आश्रयस्थाने उभारली. तेथे प्रजनन होऊ दिले नाही. दात काढलेले, नखे झिजलेले ते जीव आपले आयुष्य संपवून गेले आणि पिंजरे हळूहळू रिकामे झाले. त्या कामाची कोठे छायाचित्रे आली नाहीत. तथापि प्राणिव्यवस्थापनातील ते देशातले सर्वांत नेटके काम म्हणावे लागेल.

सगळेच प्रजनन बंद करावे, असा याचा अर्थ नाही. गीरच्या सिंहाला त्याची गरज आहे. २०२५च्या गणनेत त्यांची संख्या ८९१ झाली, पण हे सारे सौराष्ट्रातच आहेत. २०१८मध्ये श्वानांपासून पसरणाऱ्या रोगाने वीसहून अधिक सिंह गेले. दुसऱ्या राज्यात त्यांचे घर वसवण्याचा न्यायालयाचा २०१३चा आदेश अमलात आलेला नाही. अशा वेळी शुद्ध वंशाचे, नोंदवहीत प्रत्येकाची आई-आजी लिहिलेली असलेले सिंह देशातील अनेक संग्रहालयांत असणे ही विम्याची तरतूद आहे. २०२२मध्ये बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाने वाघांची जोडी देऊन जुनागढहून मानस आणि मानसी ही सिंहांची जोडी आणली, ते याच दृष्टीने योग्य झाले. मुंबईच्या राणीच्या बागेचा सिंहांसाठीचा व्यवहार मात्र झेब्य्रांच्या बदल्यात ठरला आणि झेब्रे आयात होईनात म्हणून रखडला. आठवडी बाजारातील अदलाबदलीवर वंशसंवर्धन चालत नाही.

वाघाच्या बाबतीत गरज उलटी आहे. विदर्भात जंगलातच वाघ वाढले आहेत. माणसांशी संघर्ष झालेले वाघ पकडून आणावे लागतात. त्यांची सोय करणाऱ्या नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात २०२४च्या अखेरीस तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, त्यांना बर्ड फ्लूची लागण झाल्याचे निष्पन्न झाले. जागा आणि मनुष्यबळ हवे आहे ते अशा केंद्रांना.

कोल्हापूरच्या वाचकाला येथे सह्याद्री आठवणे साहजिक आहे. २०१०मध्ये घोषित झालेल्या, कोल्हापूर, सातारा, सांगली आणि रत्नागिरीत पसरलेल्या व्याघ्रप्रकल्पात वाघिणींची उणीव होती. नोव्हेंबर २०२५मध्ये ‘ऑपरेशन तारा’अंतर्गत ताडोब्याची पहिली वाघीण चांदोलीत आली. मग इतका खटाटोप कशाला, संग्रहालयातले वाघच सोडावेत, असे म्हणणारे भेटतात. त्यांनी दुसऱ्या तारेची गोष्ट जाणून घ्यावी. बिली अर्जनसिंगांनी १९७६मध्ये इंग्लंडच्या ट्वायक्रॉस संग्रहालयातून तारा नावाची वाघीण आणून दुधव्याच्या जंगलात सोडली. तिच्यात सैबेरियन वाघाचे रक्त असल्याचा संशय पुढे बळावला आणि दुधव्याच्या वाघांच्या वंशाविषयीचा वाद तेव्हापासून चालू राहिला. शिवाय पिंजऱ्यात वाढलेला वाघ माणसाला भीत नाही. दाजीपूर, आंबा, चांदोलीच्या वाड्यांवर राहणाऱ्या धनगराच्या अंगणात असा वाघ येऊन उभा राहिला, तर संवर्धनाची भाषा तेथे कोण ऐकून घेईल? चांदोलीला आलेली वाघीण जंगलात जन्मलेली आहे. तिला आधी कुंपणात ठेवून परिसर ओळखू दिला, मग दार उघडले.