रसायनज्ञाची सही

रसायनशास्त्राच्या एम्.एस्सी. पदवीधराला काय आले पाहिजे, हे ठरविणे विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाचे काम आहे, इतरांनी त्यात पडू नये, असा एक समज आहे. आम्हांस तो मान्य नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात तरी हा प्रश्न शेतकऱ्याच्या पदरात पडणाऱ्या पैशाचा आहे.

विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० साली प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि जिल्ह्याचे अर्थकारण उसाभोवती फिरू लागले. उसाचा दर साखर उताऱ्यावर ठरतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलमागे ३५५ रुपये असा रास्त व किफायतशीर दर ठरविला. त्यापुढील प्रत्येक ०.१ टक्क्यास ३ रुपये ४६ पैसे अधिक. म्हणजे पाच लाख टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यात टक्क्याच्या या दहाव्या भागाचे मोल १ कोटी ७३ लाख रुपये होते! पूर्वी पोत्यांत भरलेली साखर मोजली की उतारा कळे. रस व बी-हेवी मळी इथेनॉलकडे वळू लागल्यापासून तिकडे गेलेली साखरही हिशेबात धरावी लागते, आणि ती पोत्यांत नव्हे, पृथक्करणाच्या कागदावर सापडते. त्या कागदाखाली रसायनज्ञाची सही असते.

ही सही करणाऱ्याला काय आले पाहिजे? नमुना कोठून व कसा घ्यावा, हे प्रथम. कारण चुकीच्या नमुन्याला उत्तमातले उत्तम यंत्रही तारू शकत नाही. प्रमाणित द्रावण स्वतः करता आले पाहिजे, चाचणी पुन्हा करून दोन आकड्यांतील अंतर सांगता आले पाहिजे आणि आलेला आकडा तसाच नोंदविण्याचा प्रामाणिकपणा पाहिजे. याहून महत्त्वाचे म्हणजे, आकड्यावर शंका घेता आली पाहिजे. पोलॅरीमीटर साखर मोजीत नाही, प्रकाशाचे वळणे मोजतो. शिळ्या उसात सुक्रोजचे ग्लुकोज व फ्रुक्टोज होते. ते मिश्रण प्रकाशाला उलट्या दिशेने वळविते, आणि यंत्र खऱ्याहून कमी सुक्रोज दाखविते. आकडा वाचण्यास चार दिवसांचे शिक्षण पुरते. तो कोठे फसवितो हे ओळखण्यासाठीच एम्.एस्सी.ची दोन वर्षे आहेत. प्रवरेच्या कालव्याखाली खारावलेल्या जमिनीच्या माती-तपासणीला व दूध-संकलनातील फॅटच्या चाचणीलाही हेच लागू आहे.

महाराष्ट्रात २०२३ पासून आलेल्या पदव्युत्तर आराखड्यात संशोधनपद्धती, संशोधन प्रकल्प व प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षणाचे चार श्रेयांक आहेत. योजना चांगली आहे. परंतु प्रशिक्षण म्हणजे शिक्क्याचे प्रमाणपत्र आणि प्रकल्प म्हणजे गतवर्षीच्या वहीची नक्कल, असे होऊ द्यायचे नसेल तर महाविद्यालयांनी आपली मुले गाळप हंगामात कारखान्यांच्या प्रयोगशाळांत पाठवावीत, राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे साह्य घ्यावे, आणि परीक्षेत ज्याचे उत्तर जर्नलात लिहिलेले नाही असा अज्ञात नमुना विद्यार्थ्यापुढे ठेवावा.

यावर दोन आक्षेप येतील. ग्रामीण महाविद्यालयांपाशी महागडी यंत्रे नाहीत, हा पहिला. तो खरा आहे, आणि त्यासाठी शासनाने व संस्थाचालकांनी हात सैल सोडलाच पाहिजे. पण ब्युरेट, तराजू व प्रामाणिक वही यांना कोट्यवधी रुपये लागत नाहीत. विद्यापीठ म्हणजे कारखान्यांना माणसे पुरविणारी कचेरी नव्हे, हा दुसरा. तोही आम्हांस मान्य आहे. पण 'का' विचारण्याची सवय हेच विद्यापीठीय शिक्षणाचे सार असेल, तर ती सवय कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेल्याने नष्ट होत नाही, कसाला लागते.

वजनकाट्यावर शेतकरी स्वतः उभा राहून डोळ्यांनी पाहू शकतो. प्रयोगशाळेत त्याला ते शक्य नाही. तेथे तो परक्या माणसाच्या ज्ञानावर व सचोटीवर विसंबून असतो. तो विश्वास पेलण्याची पात्रता ज्या पदवीने येत नाही, ती भिंतीवर टांगण्यापुरतीच आहे, असे आम्हांस स्पष्टपणे म्हणावेसे वाटते.