५व्या वर्षी रिटायर!

‘‘वय ५, रिटायर्ड,’’ मैत्रिणीने ओळख करून दिली. मला हसूच आलं. पुण्याच्या रेसकोर्सवर धावलेला हा घोडा तिने घेतलाय. थरोब्रेड २ वर्षांचा असतानाच शर्यतीत उतरतो, जगतो मात्र २५-३० वर्षं. मग उरलेली २० वर्षं करायचं काय? वरातीत बँडपुढे मिरवायचं?

‘‘आधी काहीच नाही करायचं,’’ ती म्हणाली. दाणा हळूहळू कमी, गवत जास्त, फिरायला मोकळं रान. खोगीर काही महिन्यांनी. मग पहिला धडा: स्वार बसेपर्यंत गप्प उभं राहायचं. पळणं त्याला येतंच हो; थांबणं कुणी शिकवलंच नव्हतं!

मी मोबाइल सायलेंटवर टाकला. दहा मिनिटं आम्ही दोघंही शिकत होतो. तो माझ्यापेक्षा जास्त वेळ टिकला.