'पक्के' या शब्दाची किंमत

मराठीत स्थापत्याची समीक्षा जवळजवळ नाही. कवितेच्या एका ओळीवर आपण चार पाने लिहितो. ती ओळ ज्या भिंतींआड वाचली जाते त्या भिंतींविषयी चार वाक्येही लिहीत नाही. 'वास्तू' म्हणताच मराठी वाचकाला ईशान्य दिशा आठवते, वास्तुरचनाकार आठवत नाही. जिथे समीक्षा नसते तिथे शासकीय परिभाषाच मूल्यनिर्णय करू लागते. 'कच्चे घर' आणि 'पक्के घर' ही अशीच एक जोडी. आमचा आक्षेप या जोडीला आहे, आणि ती निमूटपणे स्वीकारणाऱ्या वास्तुरचनाकारांनाही आहे.

नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव व अक्कलकुवा तालुक्यांतले सातपुड्याचे पाडे पाहावेत. भिल्ल आणि पावरा कुटुंबांची घरे एकमेकांना खेटून नसतात. ज्याचे घर त्याच्या शेतात. सागाच्या मेढी, बांबूच्या कामट्यांचा कुड, त्यावर माती-शेणाचे लिंपण, वर कौले. माणसे, गुरे आणि धान्य एकाच छपराखाली. घर मोडले तर माती मातीत जाते आणि मेढी दुसऱ्या घराला लागतात. असे घर सरकारी मोजणीत 'कच्चे' ठरते. २०१६पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) त्याच्या जागी किमान २५ चौरस मीटरचे 'पक्के' घर येते. त्यात गुरांनी कुठे जायचे, धान्याची कणगी कुठे ठेवायची, हे प्रश्न कोण विचारतो? मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो तेव्हा दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर ती उष्णता खाली सोडत राहतो. 'घरकुल' हा मुळात मायेचा शब्द. आता तो यादीतल्या क्रमांकाचा शब्द झाला आहे.

जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनापैकी सुमारे ८ टक्के एकट्या सिमेंटमुळे होते. चुनखडी भाजताना तो वायू दगडातूनच सुटतो. म्हणजे भट्टीचे इंधन बदलूनही दोष पुरता जात नाही. मग पृथ्वीच्या हिशेबात कच्चे कोणते आणि पक्के कोणते?

यावर आम्हांला रम्यवादी ठरवणे सोपे आहे. म्हणून स्पष्ट सांगतो: जुने ते सारे सोने नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात जाड दगडमातीच्या भिंतींखाली आणि मातीच्या जड छपरांखाली हजारो माणसे गेली. कुडाचे घर हलके असते हे खरे. पण त्याला वाळवी लागते, आगीचे भय असते, पावसाची झड सोसत नाही, आणि दरवर्षीच्या लिंपणाचे श्रम बहुधा बायकांच्या वाट्याला येतात. त्या बाईला स्लॅब हवासा वाटला तर ते तिचे अज्ञान नव्हे. तिच्यापुढे तिसरा पर्यायच ठेवला गेला नाही, हे वास्तुरचनाकारांचे अपयश आहे.

हा पर्याय अशक्य नाही. बोरॅक्स व बोरिक आम्लाच्या द्रावणात मुरवलेला बांबू किडीला दाद देत नाही; दगडी जोते आणि रुंद वळचण मातीची भिंत वाचवते. २०१७च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरील बांबू वन कायद्याच्या 'वृक्ष' व्याख्येतून वगळला गेला. खुद्द आवास योजनेतही स्थानिक हवामानाला व साहित्याला साजेसे आराखडे देण्याची अपेक्षा आहे. उणीव आहे ती ते डोंगरावर जाऊन लोकांबरोबर बसून काढणाऱ्यांची.

'लोकांबरोबर' हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरतो. इजिप्तच्या हसन फाथी यांनी १९४०च्या दशकात लक्झरजवळ न्यू गुर्ना हे मातीच्या विटांचे देखणे गाव उभारले. पण ज्यांच्यासाठी ते बांधले त्यांतील बहुतेकांनी तिथे जाण्याचे नाकारले. माती वापरली म्हणजे माणसे कळली असे होत नाही.

आपल्याकडे मात्र पर्यावरणाची जबाबदारी मानांकनाच्या गुणपत्रिकेत सामावली आहे. काचेने मढवलेल्या कार्यालयाला 'हरित' प्रमाणपत्र मिळते आणि शतकानुशतके हरित असलेल्या कुडाला 'कच्चे' हे विशेषण. हे विशेषण कोणी, कोणत्या अधिकाराने लावले, हा प्रश्न स्थापत्याचा आहे तितकाच भाषेचाही आहे. साहित्याच्या वर्गांत आपण शब्दांची सत्ता शिकवतो. मग या दोन शब्दांना त्या वर्गांत आजवर जाब का विचारला गेला नाही?