टाळ्यांचा दौरा आणि शिकवणीचा दौरा

उन्हाळी सुटी जवळ आली की क्रीडा अकादम्यांची माहितीपत्रकं पालकांच्या मोबाइलवर येऊ लागतात. आठ-दहा दिवसांचा परदेश दौरा, तीन-चार मैत्रीपूर्ण सामने, एखाद्या बड्या क्लबच्या स्टेडियमची फेरी, एक दिवस शहर पाहायला, अर्धा दिवस खरेदीला. अलीकडे या यादीत आणखी एक ओळ दिसते : ‘स्थानिक मुलांना प्रशिक्षण’. म्हणजे आपली चौदा-पंधरा वर्षांची मुलं तिथल्या मुलांना एक दुपार खेळ शिकवणार. ती ओळ वाचून पालक सुखावतात आणि पहिला हप्ता भरतात.

माझं भांडण सहलीशी नाही. मुलांनी जग पाहावंच. भाषा न कळणाऱ्या मुलांबरोबर एका टेबलावर जेवणं, काल सपाटून हरल्यावर आज संग्रहालयाच्या रांगेत शहाण्यासारखं उभं राहणं, आपले कपडे आपण धुणं, यातून पोरं मोठी होतात. खटकते ती प्रशिक्षणाची ओळ. स्पेनमधल्या मुलाचं फुटबॉल आपल्या मुलांवाचून अडलेलं नाही. आणि नैरोबीच्या मथारे वस्तीत संघ नेला, तर शिकायची पाळी आपल्यावरच येईल.

मथारेचं उदाहरण मुद्दाम घेतलं. तिथल्या युवा क्रीडा संघटनेचं काम 1987 मध्ये सुरू झालं. संघांनी वस्तीतला कचरा उचलला की लीगच्या गुणतक्त्यात त्याचे गुण मिळतात. मोठी मुलंमुली लहानांना खेळ शिकवतात, त्यांचे सामने लावतात, पंचगिरीही करतात. याच वस्तीतले संघ ऑस्लोच्या नॉर्वे चषकात खेळून आले. आधी गल्लीतल्या धाकट्यांना शिकवायचं, मग विमानात बसायचं, हा तिथला क्रम. आपल्याकडे मात्र घरच्या मैदानावर ज्यानं कधी ज्युनिअरची बॅटसुद्धा नीट धरून दिली नाही, तो परदेशात उतरताच प्रशिक्षक होतो.

दाखवणं आणि शिकवणं यातलं अंतर कबड्डीनं चांगलंच मोजलं आहे. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं तिथे कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. त्या काळात तेवढ्या लांब जाणं हाच पराक्रम होता. पण प्रात्यक्षिकानं युरोपात कबड्डी रुजली नाही. 1979 मध्ये सुंदर राम नावाचे भारतीय प्रशिक्षक जपानला गेले आणि दोन महिने फिरून त्यांनी हा खेळ शिकवला. 1990 च्या बीजिंग एशियाडमध्ये कबड्डी पहिल्यांदा पदकांसाठी खेळली गेली, तेव्हा उतरलेल्या मोजक्या संघांत जपान होता. बर्लिनमध्ये खेळ दिसला, जपानमध्ये तो मुक्कामाला राहिला.

मल्लखांबाचंही तसंच. शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली, ती अनेक देशांत पुन्हा पुन्हा जाऊन माणसं तयार केल्याबद्दल. फेब्रुवारी 2019 मध्ये शिवाजी पार्कवर पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा झाली आणि तिथे 15 देशांचे खेळाडू आले. हे एका दुपारचं काम नव्हे. दोरावरची आढी घ्यायची तर दोर पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात पकडावा लागतो. नवख्याची कातडी पहिल्याच दिवशी सोलवटते, आणि दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा दोराशी आणणारं कुणीतरी तिथे असावं लागतं.

आपल्या आखाड्यातून परदेशी गेलेला मुलगा मात्र तिथे खरोखर उपयोगी पडू शकतो. त्याच्याकडे त्या देशात नसलेली विद्या असते हे एक कारण. दुसरं कारण अधिक महत्त्वाचं आहे. आखाड्यात थोरल्यानं धाकट्याला शिकवायचं हा रोजचाच शिरस्ता. पोरगं उलटं लटकलं की हात कुठे द्यायचा आणि कधी काढून घ्यायचा, हे त्याला कुणी दौऱ्याआधी सांगावं लागत नाही.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी पालकांनी संयोजकांना तीन प्रश्न विचारावेत. संघ खेळावर निवडला की हप्ते भरण्याच्या ऐपतीवर? ही मुलं इथे, आपल्याच मैदानावर, कुणाला आणि किती महिने शिकवत आहेत? आणि आपण परतल्यावर तिथला कोणता शिक्षक हे पुढे चालवणार, पुढच्या वर्षी आपण त्याच गावी जाणार का? पहिल्या प्रश्नाला बगल मिळते, असा माझा अंदाज आहे. घरची परिस्थिती बेताची असलेला उत्तम बचावपटू मागे राहतो आणि त्याची जागा राखीव खेळाडूच्या वडिलांचं बँकखातं भरून काढतं. निदान प्रत्येक दौऱ्यात दोन जागा तरी अशा मुलांसाठी सर्वांच्या वर्गणीतून काढायला काय हरकत आहे?

उत्तरं पटली तर मुलाला बिनधास्त पाठवा. पटली नाहीत तरी पाठवा, पण सहल म्हणून. सहलीत कमीपणा काही नाही. फक्त परत आल्यावर चिमुरड्यांच्या घोळक्यातल्या फोटोखाली ‘प्रशिक्षण शिबिर’ असं लिहू नका आणि दहावीनंतरच्या प्रवेश अर्जात त्याला समाजसेवा म्हणून जोडू नका.