सूर्यासाठी इज्तिहाद, माणसासाठी का नाही?

नॉर्वेतल्या ट्रॉम्सो शहरात साधारण 20 मे ते 22 जुलै सूर्य मावळतच नाही. 2015 आणि 2016 चे रमजान नेमके याच दिवसांत आले. रोजा पहाटेपासून रात्रीपर्यंत. पण तिथे रात्रच नाही! मग तिथल्या मुसलमानांनी काय केलं? रोजे सोडले नाहीत, उपाशीही मेले नाहीत. अनेकांनी मक्केच्या वेळेप्रमाणे सहरी-इफ्तार केली. शब्दामागचा हेतू पाहून अक्कल वापरली. यालाच इज्तिहाद म्हणतात.

माझा सवाल साधा आहे. आकाशातल्या सूर्यासाठी चालणारी ही अक्कल आपल्या घरातल्या माणसासाठी का चालत नाही? आजारी माणसासाठी तर इज्तिहादचीही गरज नाही. कुरआनच्या दुसऱ्या सूरहच्या 185 व्या आयतीत त्याला स्पष्ट सवलत आहे. अल्लाहला तुमच्यासाठी सोपेपणा हवा, त्रास नको, हेही तिथेच सांगितलं आहे. तरीही इन्सुलिन घेणाऱ्या बाईने रोजा ठेवला नाही, की मोहल्ल्यात कुजबुज सुरू! आणि त्या कुजबुजीच्या भीतीने ती जीव धोक्यात घालते.

ट्रॉम्सोचं कौतुक जरूर करा. पण आधी शेजारणीला दुपारी निर्धास्त जेवू द्या.