चाक मोठे, खिसा लहान



जून महिना जवळ आला की घरोघर सायकलचा विषय निघतो. कुणाची मुलगी आठवीत जाते, शाळा तीन-चार किलोमीटरवर असते. कुणाचा मुलगा कारखान्यात लागतो आणि पाळी सुटते तेव्हा परतीची एसटी निघून गेलेली असते. यंदा या नेहमीच्या विषयाला एक नवे शेपूट फुटले आहे. "घरात २६ची सायकल आहे, ती मोडून २९ची घ्यावी काय?" हा प्रश्न राहुरीकडून आला, श्रीगोंद्याकडून आला आणि खुद्द आमच्या घरातूनही आला. घरच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही खिशात हात घालून दिले आहे. तेव्हा चार शब्द अनुभवाचे सांगायला हरकत नसावी.

आधी हे आकडे काय आहेत ते समजून घेऊ, कारण दुकानात आकड्यांनीच माणूस भुलतो. ज्याला २६ म्हणतात त्या सायकलच्या रीमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास ५५९ मिलिमीटर असतो. २७.५ नावाच्या मधल्या चाकाचा ५८४ आणि २९च्या चाकाचा ६२२. आता गंमत पाहा. आपल्या वडिलांची काळी सायकल, जिच्या टायरवर २८ × १½ असे छापलेले असते, तिच्या रीमचा हाच व्यास ६३५ मिलिमीटर भरतो. म्हणजे २८ची रीम २९च्या रीमपेक्षा १३ मिलिमीटरने मोठी! २९ हा आकडा वरच्या जाड टायरचा प्रताप आहे. नवीन म्हणून जे मोठे चाक दाखवले जाते, ते आपल्या ओसरीला भिंतीशी टेकून कित्येक वर्षे उभेच होते.

त्या काळ्या सायकलवर आमची पिढी दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारत शिकली. सीटवर बसण्याइतकी उंची येईपर्यंत दोन वर्षे गेली आणि गुडघे सोलून निघाले ते वेगळेच. आमच्या आजोबांच्या पिढीला तर सायकल असूनही वेशीच्या आत ती हातात धरून चालवत न्यावी लागे; आपल्या माणसाने वरून पाहत जावे हे काहींना खपत नसे. ज्या दिवशी त्यांनी न उतरता गाव पार केले, त्या दिवसाची गोष्ट आमच्या घरात अजून सांगतात. म्हणून सायकलला आम्ही कधी गरिबीची खूण मानले नाही. पुढच्या पिढीला हे पटवणे मात्र सोपे नाही, त्याकडे नंतर येतो.

मग मधल्या काळात २६ आली कुठून? नव्वदीच्या दशकात हिरो रेंजर, हर्क्युलस एमटीबी अशा आडव्या हँडलच्या, जाड टायरच्या सायकली आपल्याकडे आल्या आणि तरुण पोरांनी काळी सायकल टाकून दिली. त्या सगळ्या २६च्या. हे माप काही शास्त्राने ठरलेले नव्हते. अमेरिकेत १९३३ साली श्विन कंपनीने जाड फुगीर टायरच्या २६ इंची सायकली काढल्या. पोरेटोरे त्या वापरत, वर्तमानपत्रे टाकत. पुढे १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन भागातील काही तरुणांनी भंगारात पडलेल्या याच जुन्या सायकली उचलल्या आणि डोंगरावरून खाली सोडायला सुरुवात केली. १९७६च्या ऑक्टोबरात त्यांनी एका उतारावर शर्यत लावली. त्या उताराचे नाव 'रीपॅक', कारण खाली येईपर्यंत मागच्या ब्रेकमधले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. तर भंगारात जे चाक मिळाले तेच डोंगरी सायकलचे माप होऊन बसले. १९९६ साली अटलांटा ऑलिम्पिकमध्ये डोंगरी सायकलची शर्यत प्रथम झाली ती याच मापावर. मोठ्या मापाचा जाड टायर बाजारात आला तो १९९९ साली. सुरुवातीला लोक हसले. पण २०१२च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये पुरुषांचे सुवर्णपदक झेक देशाच्या यारोस्लाव्ह कुल्हावीने २९च्या चाकावर पटकावले. दुसरा आलेला स्वित्झर्लंडचा निनो शुर्टर २७.५वर होता. तेव्हापासून २६चे दिवस भरत आले, आणि आता तीच लाट आपल्या तालुक्याच्या दुकानापर्यंत पोचली आहे.

मोठ्या चाकाने होते काय? पाळणागाडीचे चाक घराच्या उंबऱ्याला अडते, आणि बैलगाडीचे चाक ओहोळातल्या दगडावरून चढून जाते. बस, एवढेच तत्त्व आहे. चाक जितके मोठे तितके ते खड्ड्यात कमी उतरते आणि दगडावर कमी तिरक्या कोनात चढते. आपला नगर जिल्हा (आता अहिल्यानगर) म्हणजे या तत्त्वाची परीक्षा घेणारी जागा आहे. अकोल्याकडे घाट आणि पावसाने धुतलेले रस्ते, पारनेर-पाथर्डीकडे मुरूम आणि सुटे दगड, प्रवरेच्या पट्ट्यात उसाच्या ट्रॅक्टरांनी पाडलेल्या चाकोऱ्या. नगर-मनमाड रस्त्याचे खड्डे ज्यांनी पाळीला वेळेवर पोचायच्या घाईत अनुभवले आहेत, त्यांना वेगळे सांगायला नको. अशा ठिकाणी २६वरून २९वर आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी फरक कळतो, आणि तो मनगटाला आणि कमरेला कळतो. पन्नाशीच्या पुढच्या कमरेला तर जरा जास्तच.

दुसरा फरक अंतराचा. साधारण दोन इंच जाड टायर धरला तर २६चे चाक एका फेऱ्यात सुमारे २ मीटर ९ सेंटिमीटर जाते आणि २९चे २ मीटर २९. म्हणजे जवळजवळ दहा टक्के जास्त. वाचून बरे वाटते, पण फुकट काही मिळत नाही. दात तेवढेच असतील तर पायडलही दहा टक्के जड लागते. सपाटीवर चाक एकदा पळू लागले की काही वाटत नाही; थांबून पुन्हा निघताना आणि चढावर ते मांड्यांना जाणवते. नगरहून पाथर्डी रस्त्याने, लोक ज्याला चाँदबिबीचा महाल म्हणतात त्या सलाबतखानाच्या मकबऱ्याकडे वर चढताना आम्ही हे पुरते अनुभवले आहे. गिअरची सायकल असेल तर चिंता नाही, एक गिअर हलका टाकावा. बिगरगिअरची असेल तर एक स्वस्त उपाय आहे: मागे १८ दातांचे फ्रीव्हील असल्यास २० दातांचे बसवून घ्यावे. हिशेब जवळजवळ तंतोतंत बसतो आणि २६इतकेच हलके पायडल मिळते. मिस्त्रीचे अर्ध्या तासाचे काम आहे, मात्र साखळीला एखादी कडी वाढवावी लागेल.

आता घरातली गोष्ट. आमचा थोरला मुलगा नागापूरच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे लागला. त्याला हप्त्यावर मोटारसायकल हवी होती. ठेकेदारीचे काम, आज आहे उद्या नाही, आणि हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला बरोबर येणार. दोन महिने घरात वाद झाला. त्याची आई म्हणे, कमावता मुलगा सायकलवर गेला तर सोयरीक जुळवताना लोक काय म्हणतील. आम्ही म्हणत होतो, कर्ज काढून फिरणारा मुलगा पाहून तरी काय म्हणतील. शेवटी मुलानेच तोडगा काढला. "जुन्या २६वर मी जाणार नाही, गुडघे हँडलला लागतात. २९ची घेऊन द्या, मोटारसायकलचे दोन वर्षे नाव काढणार नाही." पोराची उंची पाच फूट नऊ इंच, तक्रार खोटी नव्हती. रोख पैसे मोजून सायकल घेतली. जाऊन-येऊन अठरा किलोमीटर, तिन्ही पाळ्यांत तो तीवर जातो, आणि पहिल्या सहा महिन्यांत रिक्षाभाड्याचे जे वाचले ते त्याने स्वतः पोस्टात टाकले. आईचा राग अजून पुरता गेलेला नाही, पण ती सायकल अंगणात उभी न करता घरात घ्यायला लावते, यावरून काय ते समजावे.

पण हे त्याच्या उंचीला जमले. पाच फूट चार इंचांच्या आत ज्यांची उंची आहे, त्यांनी २९च्या नादी न लागलेले बरे, असे आमचे मत आहे. दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून जमिनीवर सपाट उभे राहता आले पाहिजे आणि दांडी अंगाला लागता कामा नये. दुकानदाराला लाजू नका, उभे राहूनच पाहा. "पोरगे वाढते आहे, दोन वर्षांनी होईल बरोबर" असे म्हणून सदरा एक माप मोठा घेतात तशी सायकल घेऊ नये. सदरा ढगळ झाला तर कुणी पडत नाही. मुलीबाळींना आणि कामावर जाणाऱ्या आपल्या भगिनींना २६ किंवा २७.५ सोयीची, वळणातही ती चटकन वळते. मानव विकास कार्यक्रमाखाली राज्यातल्या मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या ज्या मुलींना घर ते शाळा अंतरासाठी सायकलचे अनुदान मिळते, ते २०२२मध्ये ३५०० वरून ५००० रुपये झाले आहे. आपला तालुका त्यात बसतो का, हे शाळेत विचारून घ्यावे. ते पैसे दिखाऊ मोठ्या चाकावर न घालवता मडगार्ड, कॅरिअर आणि साखळीचे झाकण असलेल्या सायकलवर घालवावेत.

एक प्रश्न हमखास येतो: सायकल तीच ठेवून नुसती चाके मोठी बसवता येतील का? नाही. दोन्ही रीमच्या व्यासात ६३ मिलिमीटरचा फरक, म्हणजे ब्रेकची रबरे तीन सेंटिमीटरहून जास्त खाली राहतात, आणि टायर चिमट्याला घासतो. "करून देतो" म्हणणारा मिस्त्री भेटला तर त्याला चहा पाजावा आणि पुढे निघावे. डिस्क ब्रेकच्या सायकलीत २७.५ कधी कधी बसते, तेही बारीक टायर घातला तर.

मोठ्या चाकाचा खरा तोटा खेड्यात कळतो. वेडी बाभळ आणि सराटे यांनी आपला जिल्हा भरलेला आहे, पंक्चर टळत नाही. २६ची ट्यूब आणि काळ्या सायकलची २८ची ट्यूब जवळपास कुठल्याही मिस्त्रीकडे मिळते. २९ची मागितली की तो तालुक्याला जा म्हणतो. म्हणून एक ट्यूब घरात आणून ठेवावी. टायर किंवा ट्यूब आणताना टायरच्या अंगावर ५४-६२२ असा जो जोड-आकडा असतो तो पाहावा. दुसरा आकडा रीमचा, तो जुळलाच पाहिजे. व्हॉल्व्हही पाहावा. काळ्या सायकलीत वालट्यूबवाला असतो, या नव्या सायकलींत बहुधा मोटारसायकलसारखा जाड येतो. त्यात पेट्रोल पंपावर हवा भरता येते ही सोय आहे, मात्र घरचा जुना पंप त्याला चालेलच असे नाही.

ओझ्याचेही सांगितले पाहिजे. दूध, सिलिंडर, भाजीची पोती नेणाऱ्या बंधूंनी काळी सायकल मुळीच मोडू नये. तिच्या मागच्या चाकाला ४० तारा असतात आणि पुढच्याला ३२. वजन पेलण्यासाठीच ती रचना आहे. २९च्या चाकाच्या तारा लांब आणि संख्येने कमी, जड ओझ्याने चाकाचा आउट लवकर निघतो. सोनिपतच्या अॅटलस कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमका जागतिक सायकल दिनीच, बंद पडला आणि कामगार घरी बसले, तेव्हा काळी सायकल संपली असे पुष्कळांनी लिहिले. दूधवाल्यांना कुणी विचारले नसावे.

भावाचे बोलायचे तर पाटीवरच्या किमतीवर जाऊ नका. डोंगरी सायकलीला बहुधा मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, घंटी यांतले काहीच नसते. हे सगळे जोडता जोडता आणखी हजार-दीड हजार जातात, आणि २९ला डिस्क ब्रेक असेल तर २६चे कॅरिअर बसत नाही. स्वस्तातल्या सायकलीचे पुढचे शॉकप बहुतेक नुसते वजन वाढवतात. त्यापेक्षा साधा चिमटा आणि चांगल्या रीम घ्याव्यात, खड्ड्याचे काम मोठे चाकच करते. आणि पक्के बिल मागा. सायकलीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. दहा हजारांच्या सायकलीवर हे सातशे रुपये होतात, आणि सातशे रुपयांत मडगार्ड नि कॅरिअर निघते.

आमची जुनी २६ मोडीत विचारली तर भंगारवाल्याने हजाराच्या आतलाच भाव केला. ती भिंगारला धाकट्या बहिणीच्या मुलीला दिली आहे. सीट खाली केली, नव्या ट्यूब घातल्या, मागे कॅरिअर बसवले. ती नववीत आहे आणि दप्तर पाठीवर न घेता मागे बांधून जाते.