पवनचक्कीचा खांब कसा असावा?

आमच्या विज्ञानमंडळापुढें यंदां एक मोठा मनोरम प्रस्ताव आला. प्रयोगशाळेच्या गच्चीवर एक लहानशी पवनचक्की उभारावी, तिच्या विजेवर व्हरांड्यांतील दिवे लावावे, आणि खर्च वाढूं नये म्हणून खांबाकरितां एका पालकांनीं देऊं केलेला ४० फुटी लोखंडी पाइप वापरावा, असा तो प्रस्ताव होता. सभेंतील सर्व हात वर गेले. माझा तेवढा गेला नाहीं. तेव्हांपासून 'सरांचें वाऱ्याशीं वैर आहे' अशी माझी कीर्ति वरच्या वर्गांत पसरली आहे. त्या कीर्तीचा खुलासा करण्यासाठीं ह्या अंकाचीं दोन पानें मीं संपादकांकडून मागून घेतलीं आहेत.

यंत्राविषयीं माझी कांहींच तक्रार नाहीं. तीन पात्यांचें, ३ मीटर व्यासाचें तें यंत्र सुबक आहे. त्याचें माहितीपत्रक मीं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलें. पातीं, चुंबक, विद्युत्-जनित्र यांचें त्यांत सविस्तर वर्णन आहे. खांबाविषयीं मात्र एकच वाक्य आढळलें : 'खांब ग्राहकानें पुरवावा.' सगळी गोम ह्या एका वाक्यांत आहे.

लहान पवनचक्क्यांकरितां आय. ई. सी. ६१४००-२ हें आंतरराष्ट्रीय मानक आहे. पातीं फिरून जें वर्तुळ व्यापतात त्याचें क्षेत्रफळ २०० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे व्यास सुमारें १६ मीटरपर्यंत असेल, तर तें यंत्र 'लहान' समजावें असें तें सांगतें. आणि यंत्राबरोबर त्याच्या आधाराचा व पायाचाही विचार करतें. उलट अमेरिकेंतील पवन-व्यावसायिकांच्या संघटनेनें २००९ सालीं जें मानक काढलें, त्यांत खांब व पाया हे बहुतांशीं बाहेर ठेवले. कारण असें दिलें कीं, इमारतीच्या स्थानिक नियमांप्रमाणें परवाना काढतांना त्यांची तपासणी होणारच आहे. जेथें ती खरोखर होते तेथें ही वांटणी चालून जाईल. आपल्याकडे 'लहानसें तर यंत्र आहे, त्याला परवाना कशाला?' असें म्हणणारेच पुष्कळ. मग यंत्र करणारा म्हणतो खांब माझा नव्हे, खांब देणारा म्हणतो यंत्र माझें नव्हे. आणि खालच्या अंगणांत मुलें खेळत असतात.

आतां वाऱ्याकडे वळूं. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागांत (सुधारलेली आवृत्ति २०१५) मुंबईकरितां वाऱ्याचा मूळ वेग सेकंदास ४४ मीटर, म्हणजे तासास सुमारें १५८ किलोमीटर धरला आहे. पुण्यास तो ३९ आहे. मोकळ्या जागीं जमिनीपासून १० मीटर उंचीवर, सुमारें पन्नास वर्षांतून एकदां येणारा हा तीन सेकंदांचा झोत होय. जागा व उंची पाहून तो पुढें गुणकांनीं कमीअधिक करावयाचा. १७ मे २०२१ च्या 'तौक्ते' वादळांत कुलाब्यास ताशीं ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला. 'आमच्या गच्चीवरची पत्र्याची शेड तौक्तेंत हलली नाहीं, मग पाइपास काय होणार?' असा प्रश्न सभेंत आलाच. परंतु वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ११४ ऐवजीं १५८ घातले कीं वेग दीडपटही होत नाहीं, पण दाब जवळजवळ दुप्पट होतो. तौक्तेंत टिकलेली वस्तु अर्ध्या परीक्षेंत उत्तीर्ण झाली, इतकेंच म्हणतां येईल.

घाटकोपर येथें १३ मे २०२४ रोजीं कोसळलेला प्रचंड जाहिरातफलक मुंबईच्या पालकांस आठवत असेलच. १७ माणसें मृत्यु पावलीं. वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांनीं त्याच्या पायाची तपासणी केली, तेव्हां ताशीं १५८ किलोमीटरच्या वाऱ्यास टिकावयाचा पाया फार तर ४९ चा वारा सोसण्याजोगा होता, असें आढळलें. वेगांत सव्वातीन पट अंतर, म्हणजे दाबांत दहापट! आमचा खांब त्या फलकापुढें काडीसारखा, हें कबूल. पण काडी असली तरी वर्गाचा नियम तोच.

हिशेब अवघड नाहीं. दहावीच्या मुलास तो सहज करतां येईल. ४४ चा वर्ग १,९३६. त्यास ०·६ नें गुणिलें म्हणजे दर चौरस मीटरवर सुमारें १,१६० न्यूटन, अर्थात् ११८ किलोग्रॅम वजनाइतका दाब येतो. थांबलेलीं पातीं, शेपूट व मधला भाग मिळून वाऱ्यास १ चौरस मीटर आडवें येतें असें समजा. हें ११८ किलोग्रॅम १२ मीटर उंचीवरून खांबास ढकलतात; म्हणजे पायथ्याशीं १ मीटर लांबीच्या आडव्या दांड्याच्या टोंकास चौदाशें किलोग्रॅम वजन टांगल्यासारखें होतें. खुद्द पाइपावरचा वारा ह्यांत धरलेला नाहीं. फिरत्या पात्यांवरचा रेटाही नाहीं. आणि ज्या स्लॅबवर चार बोल्टांनीं हें सगळें आंवळावयाचें, तो स्लॅब बांधतांना कोणाच्या स्वप्नांतही पवनचक्की नव्हती!

वरील आंतरराष्ट्रीय मानकांतील एक गोष्ट मला फार आवडते. वाऱ्याचें व यंत्राचें सूक्ष्म गणित संगणकावर मांडलें असेल, तर आलेला भार १·३५ नें गुणावा; केवळ सोप्या सूत्रांनीं काढला असेल, तर ३ नें गुणावा. जितकें कमी जाणतां तितकें अधिक लोखंड घाला, असा तो रोकडा व्यवहार आहे. आमच्या प्रस्तावांत सूत्रही नव्हतें.

त्याच मानकांत एक फसवी जागाही आहे. तेथें यंत्रांचे वर्ग पाडले आहेत, ते दहा मिनिटांच्या सरासरी वेगावर : पहिल्या वर्गास सेकंदास ५० मीटर, दुसऱ्यास ४२·५, तिसऱ्यास ३७·५, चौथ्यास ३०. त्या प्रत्येकास १·४ नें गुणिलें म्हणजे झोताचा वेग येतो. चौथ्या वर्गाचा झोत ४२ येतो. मुंबईचा ४४ आहे. तेव्हां त्या वर्गाचें यंत्र येथें आरंभींच अपुरें पडतें, तिसरें चालण्याजोगें दिसतें. सरासरी आणि झोत यांची गल्लत मोठ्यामोठ्यांनींही केली आहे. इंग्लंडांत फेरीब्रिज येथील वीजकेंद्राच्या आठ शीतक-मनोऱ्यांपैकीं तीन १ नोव्हेंबर १९६५ रोजीं वाऱ्यानें कोसळले. त्यांची रचना मिनिटभराच्या सरासरी वाऱ्यावर केली होती. झोत हिशेबांत धरले नव्हते. शिवाय पडले ते मागच्या रांगेंतले. पुढच्या मनोऱ्यांनीं खवळविलेला वारा त्यांच्यावर आदळला. गच्चीवरचा वारा असाच कठड्यांनीं व शेजारच्या घरांनीं खवळलेला असतो. म्हणून पात्यांचें खालचें टोंक ३०० फुटांच्या परिघांतील सर्वांत उंच वस्तूपेक्षां निदान ३० फूट वर असावें, असा साधारण संकेत आहे. तो पाळला तर विजेचाही लाभ, कारण वाऱ्याचा वेग निम्मा झाला कीं त्यांतील शक्ति आठवा हिस्सा उरते.

'मग पाइप जाड घेऊं,' असें एका मुलानें सुचविलें. मुलगा हुशार आहे, पण जाडी हें एकच उत्तर नव्हे. प्रत्येक खांबास डोलण्याची स्वतःची एक लय असते. डोक्यावर यंत्राचें ओझें घेतलेला आमच्या मापाचा पाइप सेकंदास एकदोन वेळां डोलेल. मंद वाऱ्यांत पातींही नेमकीं त्याच गतीनें फिरूं लागलीं, तर झोक्यास प्रत्येक फेरीस धक्का दिल्यासारखें होऊन खांब हेलकावे घेऊं लागतो. वादळ नसतांही वेल्डिंगचे सांधे थकतात, बोल्ट सैल पडतात. तंबूसारखे तणावे दिले तर पाइप बारीक चालतो हें खरें; पण एक खिळा उपटला कीं बाकीचे तणावे खांबास आपल्याच बाजूस ओढतात. त्यांची तपासणी दरवर्षीं पावसाळ्यापूर्वीं कोणी करावयाची, हें प्रस्तावांत लिहिलेलें नव्हतें. मुलें तर दहावी होऊन निघून जातात.

माझी मागणी मोठी नाहीं. खांब गच्चीवर न ठेवतां मैदानाच्या कोपऱ्यांत, पडला तरी कोणाच्या अंगावर येणार नाहीं इतका दूर असावा. पायासह त्याचें गणित रचना-अभियंत्यानें सही करून द्यावें. आणि वार्षिक तपासणीचें वहींत नांवनिशीवार उत्तरदायित्व ठरावें. खर्च पाइपाच्या किंमतीहून पुष्कळ अधिक येईल हें पालकांस आधींच सांगावें.

प्रस्ताव जूनमध्यें पुन्हां सभेपुढें येईल. तोंवर नववीचीं चार मुलें भोंवतालच्या इमारतींची उंची सावलीवरून मोजीत आहेत. ३०० फुटांत दोन इमारती आमच्या गच्चीहून उंच निघाल्या असून तिसरीचें मोजमाप चालूं आहे. पाइप तूर्त व्यायामशाळेच्या मागें आडवा ठेवला आहे.